आडवे शब्द, उभे गडगे

नदीला असतो, किल्ल्याला असतो आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की गावातही पडतो. अक्षरं दोन.

हा क्लू सुचला तेव्हा मी स्वतःवरच बेहद्द खूश झाले होते. उत्तर अर्थात 'तट'. नदीचा काठ तो तट, किल्ल्याची भिंत तो तट, आणि सरपंचपदावरून गावात फूट पडते तेही तट. शब्दकोडं रचणाऱ्यांना अशा दोन अक्षरी शब्दांचं फार अप्रूप. कोड्याचा एखादा कोपरा अडला की तट, कोट, आड, बांध, वई यांतलं कुणीतरी मदतीला धावून येतं. म्हणूनच रविवारच्या पुरवण्यांत ही मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात आणि त्यांचे क्लूही ठरून गेलेले असतात. तट म्हणजे 'किल्ल्याची भिंत', कोट म्हणजे 'तट', वई म्हणजे 'कुंपण' आणि कुंपण म्हणजे 'वई'. सोडवणारा पेन्सिल न थांबवता भरून मोकळा.

आमच्या गावच्या वाचनालयाचा दिवाळीला हस्तलिखित अंक निघतो. गावात झेरॉक्स वाटतात, मुंबई-ठाण्याच्या गाववाल्यांना तो व्हॉट्सॲपवर जातो. त्यातलं कोडं माझ्याकडे असतं, याचं मुख्य कारण दुसरं कुणी ते अंगावर घेत नाही. यंदा अख्खं कोडं एकाच विषयावर रचायचं ठरवलं: कुंपण, भिंत, तट, बांध, जे जे अडवतं ते ते सगळं. कोकणात राहून या विषयाच्या शब्दांची वानवा पडायचं कारण नव्हतं. अडचण आली ती जागेची.

ही अडचण मराठी कोड्याच्या पाचवीलाच पुजलेली आहे. लिव्हरपूलला जन्मलेल्या आर्थर विन यांनी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ ला पहिलं कोडं छापलं, ते पत्त्यातल्या चौकटीच्या आकाराचं होतं. मधे पोकळ, आणि आत एकही काळं घर नाही. काळी घरं मागून आली. इंग्रजीत एका घरात सव्वीसांपैकी एक अक्षर बसवायचं असतं, त्यामुळे आडवे-उभे शब्द एकमेकांत गुंफणं त्या मानाने सोपं. आपल्याकडे एका घरात क येईल, का येईल, कि, की, कुं, क्या, क्रा, काहीही येईल आणि त्यातलं प्रत्येक वेगळं. 'बांध' आणि 'बंधारा' घ्या. एकाच घरातले सख्खे भाऊ. पण बां, ध आणि बं, धा, रा यांत एकही अक्षर समान नाही, म्हणजे कोड्यात या दोघांची कधी गाठच पडायची नाही. म्हणून मराठी कोड्यात काळी घरं जास्त लागतात. शब्द आखूड, मधे काळी भिंत, पुन्हा दोन-तीन अक्षरं, पुन्हा काळी भिंत. भिंतींवरचं कोडं रचताना निम्मा वेळ भिंती कुठे घालायच्या याच विचारात जातो.

तरी काही जोड्या जमतात आणि जमल्या की झोप लागत नाही. 'कुंपण'मधला ण खाली 'अंगण'ला मिळतो. 'आगळ' आणि 'गडगा' यांची गाठ ग वर पडते. आगळ या शब्दावर तर माझा फार जीव. जुन्या घरांच्या दारामागे भिंतीतल्या भोकात सरकवून ठेवलेली जाड लाकडी दांडी ती आगळ. रात्री ती ओढून दाराला आडवी केली की दार बाहेरून हलत नाही. आणि कोकमाच्या रसात मीठ घालून बरणीत भरून ठेवतात तेही आगळ, ज्याच्यावाचून सोलकढी होत नाही. क्लू लिहिला, 'दाराला लावली की चोर बाहेर, कढीत घातलं की जीव गार.' आमची ठाण्याची आत्या कोडी सोडवण्यात पट्टीची, कच्चा मसुदा नेहमी तिलाच पाठवते. तिचा लगेच फोन. "अगं, लावली आणि घातलं? एकच शब्द आहे की दोन? मुलगी आहे की मुलगा आहे ते तरी ठरव." मी काही ठरवलं नाही, क्लू तसाच ठेवला. आगळ दोन्ही आहे.

म्हणी कोड्यात बसत नाहीत, पण क्लूला उपयोगी पडतात. 'सरड्याची धाव जिथपर्यंत' म्हटलं की शाळेतलं पोरही कुंपण लिहितं. 'यानेच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला', पुन्हा कुंपणच. 'यांना कान असतात' म्हटलं की भिंत. मराठीने कुंपणावर मनापासून भरवसा टाकलेला फारसा दिसत नाही. एका म्हणीत ते सरड्याची लायकी दाखवतं, दुसरीत स्वतःच चोर निघतं.

खरी पंचाईत गडग्याशी आली. तीन अक्षरं, क्लू काय द्यायचा? 'दगडी कुंपण' हा सरळ क्लू. 'आवाराभोवती गुरांना अडवणारा' हा जरा बरा. लिहिला आणि खिडकीतून समोरच्या गडग्याकडे बघत बसले. अडवतो म्हणावं तर हा नेमकं काय अडवतो? गाई-म्हशी अडवतो, तेवढं कबूल. बाकी पावसाचं पाणी त्याच्या पोटातून आरपार जातं. वारा जातो. सरडे, विंचू, उंदीर आणि त्यांच्या मागावर येणारं फुरसं जा-ये करतं, नव्हे, तिथे बिऱ्हाडच करून असतं. भारतातल्या चार बड्या विषारी सापांतलं हे एक, आकाराने बोटाएवढं जाड, आणि रंग असा की जांभ्याच्या दगडावर दिसता दिसत नाही. 'गडग्यात हात घालू नको' हे कोकणातल्या पोरांना अ आ ई च्या आधी शिकवतात. शेजारणीच्या घरातली भांडणं येतात, तिने तळलेल्या बांगड्याचा वास येतो. पलीकडच्या आवारात जायला गडग्यातूनच तीन-चार लांब दगड मुद्दाम बाहेर काढून ठेवलेले असतात, त्यावर पाय देऊन माणूसही जातो. अडवणारा म्हणून मिरवतो आणि गुरं सोडून सगळ्यांना वाट देतो.

दसऱ्यानंतर आमच्या मागच्या गडग्याचा हातभर तुकडा ढासळला होता, तो वर काढायला शेजारचे आबा आले. सत्तरी कधीच उलटलेली, पण दगड उचलताना बघाल तर खरं वाटणार नाही. त्यांच्याकडे ना दोरी ना ओळंबा. जांभ्याचा डबर हातात घेऊन एकदा अशी, एकदा तशी कूस फिरवायची, ढासळलेल्या जागेकडे बघायचं, आणि ठेवायचा. ठेवला की तळव्याने एकदा हलवून बघायचा. हलला तर परत उचलायचा. एखादा दगड कुठेच बसेना तर शिवी न देता बाजूला ठेवत, पुढच्या थराला बरोबर त्याची आठवण होई. खाली रुंद, वर निमुळता, दोन्ही बाजूंना मोठे दगड आणि पोटात बारीक भर. दोन मोठ्यांमध्ये कपची ठोकायची, तीही जपून. मी मदत म्हणून फटींमध्ये मूठ मूठ माती भरू लागले तशी आबा थांबले.

"माती नको भरू गो. ती पावसात फुगते नि दगडाला ढकलते. पाणी जाऊ दे की त्याच्या वाटेने."

एवढं बोलून परत कामाला लागले. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उतारावरच्या भिंतीमागे हे पाणी साचलं तर त्याचा दाब भिंतीलाच लोटतो. गडगा साचूच देत नाही, म्हणून टिकतो, आणि जिथे ढासळतो तिथे आबांसारखा माणूस सकाळ-दुपारमध्ये तो परत उभा करतो. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उघड्या हवेत राहून कडक होत जातो, त्यामुळे जुना दगड नव्यापेक्षा भरवशाचा. ढासळलेल्या गडग्याचा एकही दगड वाया जात नाही. पावसाळ्यात त्याच्यावर आधी शेवाळ, मग नेचे, मग तेरडा येतो आणि श्रावणात तो दगडाचा आहे हे सांगावं लागतं.

आबा गेल्यावर क्लू खोडला. मग एक चाळाच लागला. यादीतला एकेक शब्द घ्यायचा आणि तो काय अडवतो याऐवजी काय सोडतो ते बघायचं.

वई तर अडवण्याचं सोंगच घेते. चिव्याच्या काठ्या, करवंदीच्या काटेरी फांद्या, मधे कुठे रुजलेली निरगुडी, कडेला घायपात. दर वर्षी पावसानंतर नव्याने घालायची आणि पुढच्या जूनपर्यंत ती चुलीत गेलेली असायची. कोंबड्यांनी तिला कधी मनावर घेतलं नाही. कुडाच्या भिंतीही तशाच, काठ्या विणून वर शेणमाती लिंपलेल्या. आतला उजेड रात्री बाहेरून ठिपक्याठिपक्यांनी दिसायचा.

आणि बेडं. आवारात शिरायची वाट असते तिथे दोन खांब, त्यांना समोरासमोर भोकं, भोकांतून सरकवलेल्या आडव्या काठ्या. माणूस वरच्या दोन काठ्या सरकवून आत येतो, गुराला ते जमत नाही. बस, एवढंच त्याचं तंत्र. कोड्यात मात्र या शब्दाने फार छळलं. बे, डं. डं पासून सुरू होणारं दुसरं काय आहे? डंका आणि डंख. डंका विषयाला सोडून होता, म्हणून 'फुरशाचा' असा क्लू देऊन उभा शब्द डंख घेतला.

मोठ्या तटांकडे वळले तर तिथेही हाच प्रकार. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीला चालत जाता येतं. त्याच्या तटात अवाढव्य दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. सांधे भरलेलेच नाहीत. लाट आपटते, तिचं पाणी फटींतून आत घुसतं, तिथेच तिचा जोर मोडतो आणि ते निमूट परत निघतं. ज्यांनी हा तट घातला त्यांना समुद्राशी छाती लावून उभं राहायची हौस नव्हती. आमच्या आबांनी हा किल्ला बघितला असेल-नसेल, काम एकाच जातकुळीचं.

याच्या बरोबर उलट मुरूडचा पद्मदुर्ग. जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक म्हणून शिवाजी महाराजांनी भर समुद्रात बांधलेला. तिथे दगडांचे सांधे चुन्याने घट्ट भरले. साडेतीनशे वर्षं लाटांचा मार खाऊन त्याचे दगड झिजले, बोटं आत जातील इतके आत गेले, आणि दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा पुढे आलेला आहे. तट जवळून बघितला तर मधाच्या पोळ्यासारखा दिसतो: कडा शाबूत, घरं पोकळ. मी तिथे हात लावून बघितला आहे. चुना खरवडून निघत नाही, दगड मात्र नखाखाली येतो. क्लू केला होता, 'दगडापेक्षा चिवट (२)'. आत्याने 'बाई' लिहून पाठवलं. बसतं, नाही म्हणता येत नाही.

जंजिऱ्याचं आणखी वेगळं. त्याचा तट पाण्यातून सरळ वर येतो आणि दरवाजा असा लपवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी राजापुरीच्या बाजूने समुद्रात भराव टाकत थेट किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली. मोगलांची फौज कोकणात उतरली म्हणून ते काम अर्धवट सोडावं लागलं. भिंत ओलांडायला पाण्यात दुसरी भिंत घालायची, फक्त आडवी! कोड्यासाठी यापेक्षा चांगला 'सेतू' मला मिळाला नसता. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यात कोकणच्या समुद्राकाठचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आहेत. कुलाबा आणि पद्मदुर्ग नाहीत. माझ्या मते तटाची अक्कल बघायची असेल तर आधी या दोघांकडे जावं, पण यादी करणाऱ्यांना मी कोण सांगणार.

'उघाडी' हा शब्द कोड्यात घालायचाच होता, मग ते कोडं कितीही अवघड होवो. रायगडातल्या खाडीकाठच्या माणसाला क्लू लागणार नाही, आणि दक्षिणेकडच्या बहुतेकांना क्लू देऊनही येणार नाही, हे माहीत असून.

खाडीचं खारं पाणी दिवसातून दोनदा वर चढतं. काठची सखल जमीन भातासाठी मिळवायची तर पाण्याला बाहेर ठेवणारा बांध लागतो. ही खारबंदिस्ती. चिखल-मातीचा, बाहेरून दगड लावलेला, काही ठिकाणी कोसभर लांब. आता गंमत अशी की नुसता बांध घालून भागत नाही. पावसाळ्यात डोंगरावरचं गोडं पाणी आतल्या बाजूला उतरतं, त्याला बाहेर जायला वाट नसेल तर भात खाऱ्याऐवजी गोड्या पाण्यात बुडतं, बुडायचं ते बुडतंच. म्हणून बांधात मधे मधे उघाडी. दगडी मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली लाकडी झडप. भरती चढली की बाहेरचं पाणी झडपेला दाबून धरतं, ती बंद होते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलतं, ती उघडते. मोटार नाही, कुलूप नाही, रात्री उठून जाणारा माणूस नाही. खारं पाणी स्वतःच दार लावून घेतं आणि गोडं पाणी स्वतःच उघडून निघून जातं. अडवायचं कुणाला आणि सोडायचं कुणाला हे त्या झडपेला आमच्या सोसायट्यांच्या वॉचमनपेक्षा बरं समजतं.

लक्ष मात्र बांधावर ठेवावं लागतं. त्यासाठी जुनी माणसं तिथीचा हिशेब करायची. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान. पावसाळ्यातलं उधाण आणि वरून मुसळधार पाऊस एकत्र आला की छातीत धस्स. चिंबोऱ्या बांधाला भोकं पाडतात. बोटभर भोकातून पाणी वाहू लागलं की माती सुटते आणि बघता बघता खांड जाते, म्हणजे बांधाला भगदाड पडतं. पूर्वी खांड गेली की घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर, तो कुठल्या वाडीचा हे कुणी विचारायचं नाही. १९४८ मध्ये सरकारने खारजमिनींचा कायदा केला, पुढे १९७९ मध्ये नवा केला, बांधांची देखभाल खात्याकडे गेली. खात्याकडे गेली म्हणजे घरटी माणूस घरी बसला. आता खांड पडली की अर्ज जातो. अर्जाला उत्तर येईस्तोवर दोन उधाणं येऊन जातात, शेतात मीठ बसतं, आणि ते धुऊन निघायला कैक पावसाळे लागतात.

मधल्या काळात तिथे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवतात. खाऱ्या पाण्याने रोप आणून टाकायचं, चिखलाने धरायचं, चार-पाच वर्षांत रान. आणि तिवराला हात लावायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच तोड थांबवली आहे. शेतकरी म्हणतो, बांध तुम्ही फोडू दिलात, सातबारा माझा, आणि आता हे जंगल झालं? त्याचं खोटं नाही. पण उधाणाच्या लाटेला तिवरांच्या मुळांत शिरल्यावर काय होतं ते मी आमच्या खाडीच्या तोंडावर बघितलंय. कुलाब्याच्या तटात शिरलेल्या लाटेचं होतं तेच. भात पिकवणारा बांध आणि बांध गेल्यावर आलेली ही हिरवी वई, दोघांतलं एक निवडायला सांगितलं तर माझ्याकडे उत्तर नाही. कोड्यात दोन्ही घेतले, एकमेकांपासून लांब.

एक शब्द चार अक्षरांचा होता, चांगला बसतही होता, आणि मी तो काढून टाकला. गावकूस. देशावर गावाभोवती भिंत असे, ती गावकूस, आणि कुणाला त्या कुसाबाहेर राहावं लागे हे सांगायला नको. कोकणात गावं वाड्यावाड्यांनी डोंगरभर पसरलेली, त्यामुळे अशी भिंत बहुधा नसतेच. न घालताही ती होती. महाडच्या चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत, कुणी अडवत नसे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर भिंत पडली होती. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी घेतलं, आणि गावात मारहाण झाली. पुढे कोर्टात दहा वर्षं गेली, उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ चा. दिवाळी अंकात करमणुकीसाठी द्यायच्या कोड्यात याला 'गावाची वेस (४)' असा क्लू द्यायला हात धजला नाही. तिथे एक काळं घर जास्त घातलं.

हल्लीच्या भिंतींना कोड्यात जागा द्यावी का, यावर बराच विचार केला. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एका मुंबईकरांनी प्लॉट घेतला आणि चारी बाजूंनी सिमेंटची सलग भिंत घातली. पाणी जायला खाली एक पाइपसुद्धा ठेवला नाही. वरून येणारा पऱ्या त्या प्लॉटच्या कोपऱ्यातून वाहायचा, हे बारशाच्या पोरालाही माहीत. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी भिंतीमागे कमरेएवढं तुंबलं, मग आमच्या अंगणाकडे वळलं, आणि शेवटी रात्री भिंतच आडवी झाली. मालक गणपतीला आले तेव्हा त्यांनी काँट्रॅक्टरला शिव्या घातल्या आणि तीच भिंत आणखी जाड घालून घेतली. शेजारचा जुना गडगा मात्र जागचा हलला नव्हता.

माकडांसाठी तर भिंत, गडगा, वई सगळं सारखंच. केळी, नारळ, पोफळी, काही म्हणता काही ठेवत नाहीत. बागायतदार आता झटका मशीन लावतात. तारेतून सेकंदाला एक असा विजेचा सौम्य झटका, बॅटरी सोलरवर. डुकरं एकदा नाक लावून परत येत नाहीत. माकडं मात्र तार न शिवता आंब्याच्या फांदीवरून उडी मारतात, आणि पलीकडे बसून मालकाकडे बघत फणस खातात. 'झटका' तीन अक्षरी आहे, पण तो मी घेतला नाही. माकडांना जो अडवू शकत नाही त्याला मी कोकणातला अडथळा मानत नाही.

तर कोडं अंकात आलं. उघाडीची घरं खाली राजापूरपर्यंत बहुतेकांनी कोरी ठेवली, पेणच्या एका वाचकाने ती सगळ्यात आधी भरली. गडग्याला देवगडच्या एकांनी 'गडगो' लिहून पाठवलं. घरं तीनच लागतात, पण उभ्या शब्दात गा लागतो, गो चालत नाही. त्यांचं म्हणणं, मग तुमचा उभा शब्द बदला. पोवळी म्हणजे देवळाभोवतीची भिंत, हे गुरवांच्या घरातल्या सुनेने बरोबर ओळखलं आणि बाकीच्यांनी मला ते पोवळं कुठल्या बोटात घालतात म्हणून विचारलं.

आत्याने अंकाची झेरॉक्स हातात आल्यावर सगळं कोडं पेनने सोडवलं, तिचा तो नियमच आहे. 'आवारात शिरायची वाट, दोन खांब नि आडव्या काठ्या (२)' इथे तिने ठाण्याच्या हिशेबाने 'गेट' लिहून टाकलं. रात्री साडेनऊला फोन.

"अगं, फुरशाचा, ट वरून, दोन अक्षरी. काय असतं ते?"

मी म्हटलं, "ट वरून नाहीये ते, आत्या."

"ट वरूनच आहे. गेटचा ट. तुझं कोडं चुकलंय."

अजून ती गेट खोडायला तयार नाही. पेनने लिहिलंय म्हणते.